कोंबडीची पिले : उबेतून खुराड्यात

कोंबडी पाळण्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या एका आठवड्यात खेड्यांतील कुटुंबांचे सर्वांत अधिक नुकसान होते, त्या आठवड्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. पिले घरी आली म्हणजे पहिले आठ दिवस सारे घर त्यांच्याभोवती जागते. दिवा आहे की गेला, पाणी सांडले की काय, हे मुलेसुद्धा पाहतात. पुढे पिले धष्टपुष्ट दिसू लागतात, घरात घाण व वास वाढतो, आणि एके दिवशी सायंकाळी कोणीतरी म्हणते की, आता ह्यांस बाहेर घालावे. त्या रात्री ती बाहेरच्या खुराड्यात जातात आणि सकाळी कोपऱ्यात एकावर एक पडलेला ढीग सापडतो. वरची जिवंत, खालची गुदमरून गेलेली. थंडीने मेली असे आपण म्हणतो. खरे पाहता थंडीने एखादेच मरते, बाकीची ऊब शोधताना एकमेकांखाली चिरडून मरतात. म्हणून घरातील कृत्रिम दाईपासून अंगणातील खुराड्यापर्यंतचा हा टप्पा कसा पार पाडावा, ह्याचा विचार आम्ही ह्या पाठात करणार आहो. स्थळ म्हणून मावळातील घोरावाडी घेतली आहे, कारण तेथील वारा व पाऊस ह्यांचा ह्या कामाशी निकट संबंध येतो. इतर ठिकाणच्या वाचकांनी आपापल्या गावच्या हवेप्रमाणे त्यात फेर करावा.

आधी हिशेब पाहू. समजा, घोरावाडीच्या एका भगिनीने बचत गटाकडून कर्ज काढून पन्नास पिले आणली. पिलांची किंमत, दोन महिन्यांचे खाद्य, जाळी व पत्रा, विजेचे बिल आणि गटाचा हप्ता हे सर्व भागविण्यात तीस-पस्तीस पक्ष्यांचे मोल खपते असे धरा. नफा काय तो उरलेल्या पंधरांत. आता बाहेर घातल्याच्या पहिल्या रात्री बारा पिले मेली, तर त्या बाईच्या हाती तीन पक्ष्यांचा नफा राहिला; आणि तोही तेव्हाच, की पुढे मुंगूस आले नाही व रोग पडला नाही. पहिल्याच दिवशी मेलेल्या पिलात केवळ पिलाचे मोल जाते; सहाव्या आठवड्यात मेलेल्या पिलात त्याने खाल्लेले सर्व खाद्यही जाते. मुलीची शाळेची फी ज्या घरात कोंबड्यांवर अवलंबून आहे, त्या घरास ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

प्रभु येशूने यरुशलेमाविषयी शोक करिताना कोंबडी व तिची पिले ह्यांचा दृष्टांत घेतला, हे मत्तयाच्या तेविसाव्या व लूकच्या तेराव्या अध्यायात आमच्या वाचकांनी अनेकदा वाचले आहे. ते शब्द ऐकणारी माणसे खेड्यापाड्यांतली होती. कोंबडीच्या पंखाखाली काय असते हे त्यांस ठाऊक होते. पंखाखाली तीन गोष्टी असतात : ऊब, कोरडेपणा आणि शत्रूपासून आडोसा. आपण घरात पेटीत दिवा टांगतो तेव्हा पिलांस यांपैकी ऊब देतो, आणि घराचे छप्पर व भिंती बाकीच्या दोन गोष्टी न मागता पुरवितात. बाहेर नेताना मात्र तिन्हींची सोय आपणास स्वतः करावी लागते. बहुतेक लोक पहिलीचाच विचार करितात, आणि मावळात बहुधा दुसरीने घात होतो.

खुडूक कोंबडी हे काम कसे करिते ते पाहिल्यास पुष्कळ शिकण्यासारखे आहे. आरंभी ती पिलांस रात्रंदिवस पंखाखाली घेते. आठ-दहा दिवसांनी ती त्यांस घेऊन उकिरड्यावर हिंडते व जरा गारवा वाटला की बसून पंख पसरते. महिनाभराने दिवसा ती फारशी बसत नाही, रात्री मात्र जवळ घेते. मग एके दिवशी ती त्यांस चोचीने दूर सारू लागते, आणि आठवड्याभरात पिले आपली आपण रात्र काढू लागतात. ह्यात एकदम तोडलेले असे काहीच नाही. आपण मात्र पाच आठवडे दिवा अखंड ठेवितो व सहाव्या आठवड्यात एका सायंकाळी तो काढून घेतो. मग पिलांचा गोंधळ उडाल्यास नवल नाही.

ऊब कमी करण्याचे साधारण मान असे आहे. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेंटिग्रेड उष्णता पाहिजे, व पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवावी. अशा रीतीने पाचव्या-सहाव्या आठवड्यात २१ ते २३ अंशांवर येता येते. उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पिलेच माप सांगतात. दिव्याखाली दाटी करून चिवचिव करीत असतील तर थंडी वाजते. दिव्यापासून दूर चोच उघडून धापा टाकीत असतील तर उकडते. सर्वत्र विखुरलेली व आपल्या कामात असतील तर ठीक आहे. सर्व मिळून एकाच बाजूस सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झोत येत आहे असे समजावे व ती फट बुजवावी.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. हल्ली घरोघरी एलईडीचे दिवे आले आहेत. उजेडास ते उत्तम, परंतु त्यांत ऊब जवळजवळ नसते. पूर्वीच्या तारेच्या पिवळ्या दिव्याच्या आठवणीने कोणी एलईडीचा दिवा पेटीत टांगील तर पिले उजेडात गारठतील. पन्नास पिलांस शंभर वॅटचा एक तारेचा दिवा साधारण पुरतो. थंडीच्या दिवसांत दोन लागतात. वीज गेली असता कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्या विषारी धुराने पिलेच नव्हे, तर त्याच खोलीत निजलेली माणसेही मेल्याच्या गोष्टी वर्तमानपत्रांत येतात. त्यापेक्षा गरम पाण्याचे मडके तोंड घट्ट बांधून गोणपाटात गुंडाळून पिलांमध्ये ठेवावे. दोन-तीन तासांची वेळ त्यावर निभते.

आता पिले बाहेर नेण्यास तयार झाली हे कशावरून ओळखावे? दिवस मोजून नव्हे, पिसे पाहून. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या अंगावर लव असते. ती कोरडी असेपर्यंत थोडी ऊब धरते, भिजली की काहीच धरीत नाही. खरी पिसे फुटल्यावरच पिलास आपल्या अंगची उष्णता राखता येते. पंखांवर व शेपटीवर पिसे लवकर येतात आणि त्यावरून लोक फसतात. पिलू हातात घेऊन मान, पाठ आणि पंखाखालची कूस पाहावी. तेथे लव शिल्लक असेल तर पिलू तयार नाही. उन्हाळ्यात हे काम पाचव्या आठवड्यात होते. पौष-माघात मावळात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा सात आठवडेही लागू शकतात. ज्यांची पिसे मागे पडली असतील त्यांस आणखी आठवडाभर घरात ठेवण्यास लाजू नये.

घोरावाडीचे स्थान लोणावळे-पुणे लोहमार्गावर तळेगाव व बेगडेवाडी ह्यांच्या मधले. जवळच प्राचीन बौद्ध लेण्यांचा घोरावडेश्वराचा डोंगर आहे. लोणावळ्याइतका पाऊस येथे पडत नाही, परंतु आषाढात पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून जी झड येते ती पाऊस आडवा नेते, आणि पत्र्याखाली बसलेली पिले पत्रा असूनही भिजतात. जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पिले प्रथमच बाहेर घालणे हे धाडसाचे काम होय. म्हणून पिले आणण्याचा महिना उलट मोजून ठरवावा. फेब्रुवारीत आणलेली पिले मार्चच्या अखेरीस बाहेर जातात. दिवस उबदार असतात, जमीन कोरडी असते, आणि पाऊस लागण्यापूर्वी त्यांस दोन महिने मिळतात. एप्रिलच्या आरंभानंतर आणू नयेत. ज्यांस नाताळच्या बाजारासाठी नर तयार करावयाचे असतील त्यांनी ऑगस्टच्या अखेरीस आणावीत. ती ऑक्टोबरच्या आरंभी, पाऊस ओसरता ओसरता, बाहेर निघतात. फेब्रुवारीच्या पिलांचे नर आषाढात विकण्याजोगे होतात, व त्या वेळी मागणी चांगली असते. आपले हिंदू शेजारी श्रावणात मांस वर्ज्य करितात, तेव्हा विक्री आषाढ अमावास्येपूर्वी उरकावी.

पिले कोठून आणावीत असे विचारणाऱ्यांस इतकेच सांगतो की, पुण्याजवळ खडकी येथे सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, आणि घोरावाडीहून लोकलने तेथे जाता येते. आगाऊ नोंद करावी. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटात बलकाचा अंश शिल्लक असतो. त्यावर ते दोन दिवस निभावते, म्हणून प्रवास साधतो. परसात हिंडणाऱ्या कुटुंबाच्या कोंबडीसाठी वनराज, गिरिराज अशा जाती बऱ्या. केवळ पांढऱ्या ब्रॉयलर जातीची पिले खुल्या अंगणात सोडण्याच्या नादी आमच्या बंधूंनी लागू नये. ती त्या कामाची नव्हेत.

खुराडे पिले आणण्यापूर्वी बांधून तयार असावे. पिले मोठी झाल्यावर बांधू असे म्हणणाऱ्याचे खुराडे अर्धवट असतानाच पिले बाहेर जातात. पश्चिमेची व दक्षिणेची बाजू भिंतीने किंवा कुडाने पूर्ण बंद करावी. पूर्वेकडे व उत्तरेकडे वरच्या अर्ध्या भागात जाळी ठेवावी म्हणजे वास निघून जाईल आणि सकाळचे ऊन आत येईल. छप्पर भिंतीपुढे हातभर काढावे, नाहीतर पागोळ्या आत येतील. जमीन आजूबाजूच्या अंगणाहून वीतभर तरी उंच असावी. आठ आठवड्यांपर्यंत दर पिलास एक चौरस फूट व पुढे दोन चौरस फूट जागा लागते. तेव्हा पन्नास पक्ष्यांसाठी शंभर चौरस फूट आधीच धरावी. खाली भाताच्या तुसाची तीन-चार बोटे जाड गादी घालावी. तुसाचा तोटा मावळात नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला इंद्रायणी तांदूळ गावोगाव पिकतो, आणि भाताच्या गिरणीवर तूस मिळते. मात्र ते वाळलेले आहे की नाही हे मुठीत दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर ते ओले आहे.

शत्रूंविषयी लोक घारीची काळजी करितात, कारण ती दिसते. घूस, मुंगूस, रानमांजर व उदमांजर ह्यांची काळजी अधिक करावी. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून जी मोठ्या भोकांची जाळी मिळते, तिने कोंबडी आत राहते एवढेच. मुंगूस बाहेर राहत नाही. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची जाळी लावावी, आणि तीच जाळी बाहेरच्या बाजूने फूटभर जमिनीखाली आडवी पुरावी, म्हणजे घूस उकरू लागली तरी तिच्या पायांस जाळीच लागेल. दाराची कडी खाली पडणारी नसून अडकणारी असावी. डालग्याखाली पिले झाकून वर दगड ठेवण्याची जुनी रीत दिवसा ठीक आहे. रात्री ती भरवशाची नव्हे.

आता प्रत्यक्ष हलविण्याविषयी. चौथ्या आठवड्यापासून दिवसा दिवा बंद करण्यास आरंभ करावा. प्रथम दुपारी दोन तास, मग सारा दिवस. पाचव्या आठवड्यात कोरड्या दिवशी, ऊन चढल्यावर, पिलांस तासभर अंगणात जाळीच्या आत सोडावे आणि परत घरात आणावे. दुसऱ्या दिवशी दोन तास, तिसऱ्या दिवशी तीन, ह्याप्रमाणे आठवडाभर. जमिनीवर गवत टोचू लागली की थोडी बारीक वाळू त्यांस द्यावी, कारण दात नसलेल्या पक्ष्याचे जाते त्याच्या पोटात असते. त्याच आठवड्यात रात्री घरातही दिवा बंद ठेवून पाहावे. पिले शांत झोपली तर ती तयार आहेत. चिवचिव करीत दाटी झाली तर दिवा पुन्हा लावावा व तीन दिवस थांबावे. घरातील ही परीक्षा उतरल्याशिवाय कोणीही पिले बाहेर नेऊ नयेत. ह्या एका नियमाने आम्हांस वाटते की अर्धी मरतूक टळेल.

न्यावयाची ती सकाळी न्यावीत, सायंकाळी कधीही नव्हे. सकाळी गेलेल्या पिलास अंधार पडेपर्यंत नव्या जागेची ओळख होते. पाणी कोठे, खाद्य कोठे, कोपरा कोठे हे ते शिकते. भांडी तीच ठेवावीत, खाद्यही तेच. पेटीतील कोरड्या तुसाची एक पाटी नव्या गादीवर पसरावी, म्हणजे वास ओळखीचा राहतो. वारही विचारपूर्वक निवडावा. शनिवारी हलवाल तर रविवारी सकाळी सर्व घर उपासनेस जाईल आणि पहिल्या रात्रीचा परिणाम पाहण्यास कोणी असणार नाही, सोमवार चांगला. आभाळ भरले असेल तर तो सोमवार सोडून पुढचा घ्यावा.

पहिली रात्र ही खरी कसोटी. कोपरे हेच मृत्यूचे ठिकाण असल्यामुळे खुराड्याचे चारही कोपरे पेंढ्याच्या पेंड्या किंवा पुठ्ठा उभा लावून गोल करावेत. दाबले गेलेले पिलू गोल भिंतीवरून सरकते, काटकोनात ते अडकते. जागा मोठी असेल तर पहिले चार दिवस आडवे तरट लावून ती अर्धी करावी; मोकळ्या जागेत पिले घाबरतात. दिवेलागणीस घरातील एका माणसाने तेथे बसावे. अंधारू लागताच पिले ओरडत एका बाजूस धावतील. ढीग होऊ लागला तर हातांनी हळूच पसरून द्यावा, रागाने वा झाडूने नव्हे. असे तीन-चार वेळा करावे लागेल. एक मंद दिवा उंच टांगून ठेविल्यास बरे, उबेसाठी नव्हे, तर एकमेकांस पाहता यावे म्हणून. निजण्यापूर्वी एकदा व मध्यरात्री एकदा उठून पाहावे. दोन-तीन रात्रींनी हा त्रास संपतो. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर अंगठ्याहून जाड बांबू आडवा बांधावा. धीट पिले आधी त्यावर बसतील व इतर मागाहून.

पहिला आठवडाभर दार उघडू नये. पिलांस ते घर आपले वाटल्यावरच त्यांस अंगणात सोडावे, तेही प्रथम सायंकाळी खाद्याच्या वेळेच्या तासभर आधी, म्हणजे भुकेली पिले हाकेसरशी परत येतात. मोठ्या कोंबड्यांत त्यांस एकदम मिसळू नये. जुनी कोंबडी टोचते, आणि तिच्या अंगी दडलेला रोग पिलांस लागतो. मध्ये जाळी ठेवून त्यांस एकमेकांची ओळख करून द्यावी व पिले बारा आठवड्यांची झाल्यावर एकत्र करावीत. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचे चुनखडीयुक्त खाद्य पिलांस घालण्याची काटकसर करू नये. त्याने मूत्रपिंडे बिघडतात.

ह्याच दिवसांत येणारा रोग रक्ती हगवण. तूस ओले झाले की त्यात त्याचे जंतू वाढतात. पिले पंख टाकून गोळा होऊन बसतात व विष्ठेत रक्त दिसते. ज्या दिवशी रक्त दिसेल त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पाण्यातून द्यावयाचे औषध आणावे; उद्यावर टाकल्यास उद्या औषध देण्यास पिले राहणार नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढावे, आणि गादी दांताळ्याने हलवून मधूनमधून थोडा चुना मिसळावा. मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात, तिला औषध नाही, लस आहे. कुमाऊंतील राणीखेत येथे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा रोग आढळला, त्यावरून हे नाव पडले. पहिली लस पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात अगर नाकपुडीत थेंबाने देतात, आणि आठव्या आठवड्यात टोचतात. म्हणजे ही दुसरी लस पिले बाहेर गेल्यानंतर पडते व नेमकी तीच विसरली जाते. ज्या दिवशी पिले हलवाल त्याच दिवशी भिंतीवरील दिनदर्शिकेत लसीच्या तारखेवर खूण करावी. एकाच वेळी पुष्कळ पक्षी अकस्मात मरू लागले तर ते विकू नयेत, खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. सरकारी पशुवैद्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले, हे आमच्या वाचकांस स्मरत असेल.

कित्येक उपदेशकांस असे वाटते की कोंबड्यांची उठाठेव हे आपल्या पदास शोभणारे काम नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे स्लेटर साहेब ह्यांनी कोंबड्यांचा प्रसिद्ध तबेला उभारला, तो खेड्यांतील गरीब ख्रिस्ती कुटुंबांस आपल्या पायांवर उभे राहता यावे म्हणून. अलाहाबाद येथे हिगिनबॉटम साहेबांनी १९१० साली शेतकी शाळा काढली, तिचा हेतूही असाच होता. उपदेशकाने आपल्या अंगणात एक नीट बांधलेले खुराडे ठेविले तर मंडळीतील दहा घरे ते पाहून जातील. व्याख्यानाने दोन घरेही बांधणार नाहीत. ज्या गावी हा पाठ मंडळीत वाचला जाईल तेथे वाचन झाल्यावर बसून न राहता सर्वांनी एखाद्या घरचे खुराडे पाहण्यास जावे, पश्चिमेची बाजू बंद आहे की नाही ते पाहावे, जाळीतून हात आत जातो की नाही ते पाहावे, आणि मुठीत तूस दाबून पाहावे.

दार उघडल्यापासून दररोज सायंकाळी पिले आत गेली म्हणजे ती मोजावीत. हे काम घरातील मुलास द्यावे. मुले ते आवडीने करितात व चुकत नाहीत. संख्या कमी भरली तर दिवा घेऊन त्याच वेळी शोधावे. पिलू बहुधा खुराड्याच्या बाहेरच, बंद पश्चिमेच्या भिंतीला चिकटून बसलेले सापडते.